पाच काड्यांची मोळी

पाच हुकमी गोष्टी एकत्र बांधल्या, की त्यांची मिळून एक हुकमी गोष्ट होत नाही. एवढं एक वाक्य अमरावती-अकोल्याच्या पोट्ट्यांकडून कोणीतरी घोकून घ्यायला हवं होतं. संभाव्यतेचा धडा दहावीच्या गणिताच्या पुस्तकात आहे. नाणी, फासे आणि पत्ते यांची चार उदाहरणं सुटतात, पेपर संपतो आणि धडा रद्दीत जातो. पुढे तोच धडा मोबाईलवरचा बुकी शिकवतो, आणि त्याची फी फार मोठी असते.

त्याच्या दुकानातला सगळ्यात चकचकीत माल म्हणजे 'मल्टी' किंवा 'कॉम्बो'. इंग्लंडात याला 'अॅक्युम्युलेटर' म्हणतात, अमेरिकेत 'पार्ले'. मी त्याला मोळी म्हणतो. यात एकेका सामन्यावर वेगळा पैसा लावायचा नसतो. चार, पाच, दहा सामन्यांचे निकाल एकाच डावात बांधायचे. प्रत्येक निकालाचा भाव पुढच्या निकालाच्या भावाशी गुणला जातो, म्हणून शंभर रुपयांपुढे हजारोंचा आकडा दिसू लागतो. अट एकच, सगळे निकाल बरोबर यायला हवेत. एक चुकला की पूर्ण रक्कम बुकीची. लहानपणी आपण म्हाताऱ्या बापाची गोष्ट ऐकली होती: सुटी काडी मोडते, मोळी मोडत नाही. इथे उलटा कारभार आहे. एक काडी मोडली की अख्खी मोळी चुलीत.

या मोळीविरुद्ध आपल्याकडे दोनच हत्यारं वापरली जातात. मशिदीत 'हराम' आणि रस्त्यावर 'छापा'. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत. पण दोन्ही हत्यारं त्या मालाला हातच लावत नाहीत. पोराच्या डोक्यात बसलेला हिशोब तसाच राहतो, आणि तो हिशोब खोटा आहे हे त्याला कोणी सांगत नाही. म्हणून आधी हिशोब मांडू, मग बाकीचं बोलू.

समजा, तुम्ही क्रिकेटचे खरे जाणकार आहात. पाच सामने निवडले, आणि प्रत्येकात तुमचा संघ जिंकण्याची शक्यता शंभरात ८० आहे. म्हणजे पाचही संघ तगडे आणि समोरचे दुबळे. आता पाचही जिंकण्याची शक्यता किती? बहुतेक जण म्हणतील, ८० च्या आसपास, फार तर ७०. प्रत्यक्षात ८० टक्के पाच वेळा गुणले की ३३ टक्क्यांच्याही जरा खाली येतं. तीनदा मोळी बांधली तर सरासरी एकदा लागेल, दोनदा जाईल. दहा सामने बांधले तर शक्यता ११ टक्क्यांहून कमी. प्रत्येक काडी हुकमी, आणि मोळी मात्र भुसभुशीत.

याहून मोठी गंमत पुढे आहे. याच पाच सामन्यांत बरोब्बर चार निकाल खरे ठरून एक चुकण्याची शक्यता ४१ टक्के निघते. म्हणजे जिंकण्यापेक्षा 'एकानं हुकलं' हे जास्त वेळा घडतं. हे नशीब फुटकं म्हणून घडत नाही, गुणाकाराचा तो स्वभावच आहे. पण ज्याचं हुकलं तो काय म्हणतो? "भाऊ, चार आले होते, एकानं घात केला." त्याला वाटतं आपण दारापर्यंत पोचलो होतो, उद्या आत जाऊ. बुकीला हेच हवं असतं. जो पाचपैकी पाच हरला तो कदाचित थांबेल, चार जिंकून हरलेला थांबत नाही. म्हणूनच काही साइटवर 'एक चुकला तर पैसे परत' असं आमिष असतं. परत मिळतो तो बोनस, आणि तो पुन्हा लावल्याशिवाय खिशात येत नाही.

आता बुकीच्या वाट्याकडे पाहू. सोपं उदाहरण नाणेफेकीचं घेऊ. छापा किंवा काटा, दोन्हीची शक्यता सारखी. खरा भाव दोन, म्हणजे शंभर लावले आणि जिंकलो तर दोनशे परत यायला हवेत. बुकी देतो १.९०, म्हणजे १९० रुपये. दोन माणसांनी दोन बाजूंना शंभर-शंभर लावले, दोनशे गोळा झाले, जिंकणाऱ्याला १९० गेले, दहा बुकीचे. जमलेल्या पैशातले पाच टक्के. दुकान चालवायचं तर एवढं घेणारच, असं कोणी म्हणेल. ठीक आहे.

पण अशा पाच नाणेफेकी बांधल्या की काय होतं? खऱ्या भावानं शंभराचे ३,२०० व्हायला हवेत. बुकीच्या भावानं १.९० पाच वेळा गुणले तर मिळतात २,४७६. म्हणजे जो जिंकला त्याच्याही हातातून ७२४ रुपये आधीच काढून घेतलेले असतात, आणि तो मित्रांना नाश्ता देत फिरतो. पाच टक्क्यांचा वाटा गुणाकारात वाढत वाढत साडेबावीस टक्क्यांवर पोचला. दहा नाणेफेकी बांधल्या तर खरा हिशोब १,०२,४०० चा, बुकी देतो ६१,३१०. वाटा ४० टक्के. आणि ती मोळी लागण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक. रोज शंभर रुपयांची एक मोळी बांधणाऱ्याला सरासरी पावणेतीन वर्षांहून जास्त काळ वाट पाहावी लागेल. तेवढ्यात त्याचे एक लाखाहून अधिक गेलेले असतील आणि परत येतील साठ हजारांच्या घरात.

इथे एक कबुली द्यायला हवी: यात बुकीनं काहीही लपवलेलं नाही. भाव पडद्यावर ठळक लिहिलेला असतो. आपण बघतो तो गुणाकारानंतरचा मोठा आकडा, गुणाकारातून गायब झालेला आकडा कोणाला दिसत नाही. सावकाराच्या चक्रवाढ व्याजाला आपण शिव्या देतो, कारण ते दर वर्षी वाढत जाताना दिसतं. मोळी हे एका संध्याकाळीत लागणारं चक्रवाढ व्याज आहे, आणि ते कर्ज न घेता भरावं लागतं.

आता जरा कोपऱ्यावरच्या वरली मटक्याशी तुलना करा. पेपरात रोज ज्याच्या अड्ड्यावर छापा पडतो तोच हा. मटक्यात एक आकडा लागण्याची शक्यता दहात एक, आणि चालू भाव नऊचा. 'ओपन' आणि 'क्लोज' मिळून जोडी लागण्याची शक्यता शंभरात एक, आणि भाव नव्वदचा. म्हणजे दोन्हीकडे मटकेवाला शंभरातले दहा ठेवतो. जोडी हीसुद्धा दोन काड्यांची मोळीच. पण तिच्यात त्यानं आपला वाटा दुसऱ्यांदा गुणलेला नाही. पाच सामन्यांची मोळी विकणारा मोबाईलवरचा बुकी याच्या दुपटीहून जास्त घेतो. पानठेल्यामागे चिठ्ठी फाडणारा म्हातारा चिल्लर गुन्हेगार, आणि झगमगीत अॅप मात्र 'स्मार्ट' लोकांचा खेळ, असं ज्याला वाटतं त्यानं हा हिशोब एकदा स्वतः करून बघावा. मी मटक्याची वकिली करत नाही. दोघांपैकी जास्त कापणारा कोण, एवढंच सांगतो.

मटक्याचं नाव निघालं म्हणून आणखी एक गोष्ट. हा आकडा आला कुठून? कापसातून. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारयंत्रानं मुंबईला येत, आणि त्या भावांच्या आकड्यांवर मुंबईत पैसे लागत. ते भाव येणं थांबल्यावर १९६२ च्या सुमारास कल्याणजी भगत आणि १९६४ च्या सुमारास रतन खत्री यांनी आकडे काढण्याची स्वतःची पद्धत चालवली. मडक्यातून चिठ्ठी निघायची म्हणून नाव मटका. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द आजही तेच आहेत, कापसाच्या बाजाराचे.

आपण वऱ्हाडातले लोक, आपल्याला याचं वेगळं वाटायला हवं. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिथला कापूस अडला आणि इंग्रजांच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर खिळली. खामगाव, अकोला, अमरावती ही नावं कापसाच्या व्यापारात दूरवर गेली. १८८६ मध्ये कारंज्याला देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार उभा राहिला. मापात पाप होऊ नये, शेतकऱ्याला दलालांनी लुबाडू नये, यासाठी नियम आले, १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कायदा झाला. आणि त्याच कापसाच्या भावावर दूर कुठेतरी जुगार उभा राहिला, ज्यात कापूस पिकवणारा कुठेच नव्हता. कापूस आपला, आकडा त्यांचा.

म्हणूनच "शेती तरी काय, जुगारच आहे" हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. ते पारावर बोललं जातं, लग्नाच्या पंगतीत बोललं जातं, आणि आता पैसे लावणारी पोरं बापाला उलट ऐकवतात: "तुम्ही पावसावर लावता, आम्ही मॅचवर." वरवर पाहता त्यात तथ्य दिसतं. वऱ्हाडातली कोरडवाहू शेती खरोखर एक मोळी आहे. मृगाचा पाऊस वेळेवर यावा, बियाणं उगवावं, गुलाबी बोंडअळी यंदा तरी चुकावी, वेचणीच्या वेळी अवकाळी येऊ नये, आणि शेवटी भाव मिळावा. २०१७ च्या हंगामात बोंडअळीनं काय केलं ते विदर्भातल्या कापूसवाल्याला सांगायला नको. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीचं पाणीही पिकाच्या कामाचं नाही. इतक्या सगळ्या काड्या एकत्र बांधलेल्या असतात.

पण फरक पाहा. शेतीत एक काडी मोडली तर अख्खी मोळी जात नाही. कापूस निम्मा आला तरी निम्मा विकला जातो. तूर राहते, पऱ्हाट्या चुलीला होतात, ढोरांना चारा होतो, जमीन जागेवर असते. पाचपैकी चार गोष्टी साधल्या तर घरात काहीतरी येतं. मल्टीमध्ये पाचपैकी चार साधल्या तर शून्य येतं. दुसरा फरक त्याहून मोठा. शेतकऱ्यानं धोका पत्करला तेव्हा जगात एक क्विंटल कापूस जास्त तयार झाला, कोणाच्या तरी अंगावर कापड आलं. सट्ट्यात काहीच तयार होत नाही, दहा जणांच्या खिशातला पैसा एकाच्या खिशात जातो आणि मधला आपला वाटा काढतो. व्यापारातला धोका आणि जुगारातला धोका यांच्यात इस्लामी फिकहनं जो भेद केला आहे, त्याचा गाभा हाच आहे. आणि ज्यांना ऋग्वेद जवळचा, त्यांनी दहाव्या मंडळातलं अक्षसूक्त पाहावं. तिथे हरलेल्या जुगाऱ्याला फासे सोडून शेतीकडे वळायला सांगितलं आहे. इतक्या जुन्या काळापासून माणसाला हा फरक कळत होता. आपल्यालाच तो कळेनासा झाला आहे.

यावर पोरं एक चांगला मुद्दा काढतात. "आम्ही अंदाजानं नाही, अभ्यासानं लावतो. खेळपट्टी, दव, कोण कोणाला बाद करतो, सगळं माहीत असतं." अभ्यास असतो, मी नाकारत नाही. अकोल्याच्या एखाद्या पोराला क्रिकेटची जेवढी आकडेवारी पाठ असते तेवढी पेपरातल्या वार्ताहराला नसते. पण १.९० च्या भावावर नुसतं बरोबरीत सुटायला शंभरातून ५३ वेळा बरोबर यावं लागतं, आणि तेही एक-दोन आठवडे नाही, वर्षानुवर्षं. तुम्हाला जे माहीत आहे ते भाव ठरवणाऱ्यालाही माहीत असतं, त्याच्या हाताखाली संगणक असतात, आणि तुमचं ज्ञान भावात आधीच मुरलेलं असतं. विराटचं अर्धशतक आणि बंगळुरूचा विजय हे दोन निकाल एकमेकांना धरून चालतात हे तुम्हाला कळतं, तसं अॅपलाही कळतं. एकाच सामन्यातली मोळी बांधताना ते भाव गुपचूप खाली आणतं.

आणि समजा, तुम्ही लाखातले एक निघालात, खरोखर जिंकू लागलात. मग? परदेशात जिथे हा धंदा परवान्यानं चालतो, तिथेही सतत जिंकणाऱ्या गिऱ्हाईकाची मर्यादा कमी करतात किंवा त्याचं खातं बंद करतात. हरणाऱ्याला मात्र कोणी दार दाखवत नाही. आपल्याकडे तर 'आयडी' देणारा कोण आणि कुठला, हेही माहीत नसतं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार मुळातच रद्दबातल असतो. जिंकलेले पैसे मिळाले नाहीत म्हणून कोर्टात जाता येत नाही. २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याला ऑनलाइन जुगारात ५८ कोटींना फसवल्याचा गुन्हा गोंदियाच्या एका बुकीवर दाखल झाला. आरोप असा, की ज्या अॅपवर तो खेळत होता ते अॅपच बनावट होतं. कोटीवाल्या व्यापाऱ्याचं हे होतं, तर शंभर-दोनशेची मोळी बांधणाऱ्यानं आपल्या अभ्यासाचा काय टेंभा मिरवावा?

मग हा माल इतका प्रतिष्ठित कसा झाला? आम्ही केला, आमच्या देवांनी केला. सट्ट्याच्या शेजारीच पैसे लावून संघ बनवण्याचे खेळ आले. अकरा खेळाडू निवडायचे, कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. चाळीस-पन्नास रुपयांत लाखो लोक उतरत, आणि पहिला नंबर त्यालाच मिळायचा ज्याचे जवळपास सगळेच चालले. ही अकरा काड्यांची मोळी. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिला कौशल्याचा खेळ मानलं. २०२३ मध्ये अशाच एका कंपनीचं नाव भारतीय संघाच्या छातीवर आलं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून अशा खेळांच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. सरकारचाही वाटा ठरला. आता पोरगा बापाला सांगू शकत होता की यात देशाचा संघ आहे, कोर्ट आहे आणि सरकारचा करही आहे.

या सगळ्यावर आपल्याच जिल्ह्यातून एक आवाज उठला, त्याची नोंद करायला हवी. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस अचलपूरचे तेव्हाचे आमदार बच्चू कडू यांनी सचिन तेंडुलकर यांच्या मुंबईतल्या घरासमोर आंदोलन केलं. मागणी अशी होती, की ऑनलाइन गेमची जाहिरात सोडा, नाहीतर भारतरत्न परत करा. बच्चू कडूंचं राजकारण कोणाला आवडो न आवडो, प्रश्न बिनतोड होता. ज्याच्या शब्दावर पोरगा बॅट हातात घेतो, त्याच्याच शब्दावर तो पैसेही लावतो. कमाईला काहीच कमी नसलेल्या माणसानं हे का करावं?

दोन वर्षांनी गोष्ट विधिमंडळात पोचली. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाईलवर सभागृहात पत्त्यांचा खेळ दिसत असल्याची चित्रफीत राज्यभर फिरली. आपण खेळत नव्हतो, समोर आलेला खेळ बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा होता. तो खुलासा शंभर टक्के खरा मानू. मग तर प्रश्न आणखी गंभीर होतो. जो खेळ न बोलावता सभागृहात मंत्र्याच्या हातात जाऊन बसतो, तो मूर्तिजापूरच्या किंवा दर्यापूरच्या बारावीतल्या पोराला सोडेल का? पुढे कृषी खातं त्यांच्याकडून काढून क्रीडा खातं दिलं गेलं. विनोद म्हणून हे कोणी लिहिलं असतं तर अतिशयोक्ती वाटली असती.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैशाचा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, कारण त्याला बळी मानलं आहे. हा विचार मला योग्य वाटतो. मात्र पानठेल्यावर चिठ्ठी घेऊन सापडलेल्या हमालाला अजूनही १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदाच लागतो, आणि त्याची बातमी पेपरात नावानिशी येते. अॅपवर हरलेला बळी आणि मटक्यावर हरलेला आरोपी, हा भेद कशाच्या जोरावर? आणि नव्या कायद्यानं मोठ्या कंपन्या हटल्या असतील, पण आयडी वाटणारे, खायवाडी करणारे आणि टेलिग्रामवर 'आजची पक्की मल्टी' टाकणारे कुठे हटले? त्यांना ना जीएसटी लागतो, ना जाहिरातीला सचिन लागतो.

आता घरातलं बोलतो. आपल्या मोहल्ल्यात या विषयावर एकच शब्द चालतो, हराम. शब्द बरोबर आहे. पण तो उच्चारून विषय संपवायचा, ही सवय बरोबर नाही. कुरआननं स्वतः तसं केलेलं नाही. सूरह बकराच्या २१९ व्या आयतीत दारू आणि जुगाराचा प्रश्न येतो, तेव्हा त्यात लोकांना काही फायदे असल्याचंही मान्य केलं आहे, आणि मग तोल सांगितला आहे की नुकसान त्याहून मोठं. म्हणजे हिशोब मांडून दाखवला आहे. सूरह मायदाच्या ९० आणि ९१ व्या आयतींत मनाई येते तीही कारण देऊन: यातून माणसांत वैर पेरलं जातं आणि माणूस अल्लाहच्या आठवणीपासून तुटतो. समजावून सांगण्याची ही रीत सोडून आपण फक्त निकाल वाचून दाखवतो.

त्याचा परिणाम काय होतो ते उघड्या डोळ्यांनी पाहा. हरलेल्या पोराला आधीच माहीत असतं की हे हराम आहे. म्हणूनच तो घरी बोलत नाही. मित्राकडून उसने घेतो, मग कर्ज देणाऱ्या अॅपकडून, मग बायकोच्या नावावरचं बचतगटाचं कर्ज, मग आईची सोन्याची पोत. एका हरामातून सुटायला दुसऱ्या हरामात, व्याजात, शिरतो. एक मोळी फेडायला आणखी मोठी मोळी बांधतो. जी शरम त्याला आधी वाचवायला हवी होती, तीच शरम नंतर त्याचं तोंड दाबून धरते. अशा पोराला जुम्म्याच्या खुतब्यात पुन्हा एकदा जहन्नमची भीती घालून काय होणार? त्याला कोणीतरी शेजारी बसवून कागदावर हिशोब मांडायला हवा.

आणि बाहेरच्यांनाही एक सांगायचं आहे. छाप्याच्या बातमीत चार मुसलमान नावं आली की व्हॉट्सअॅपवर 'यांचेच धंदे' सुरू होतात. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दुसरी नावं असतात, तेव्हा तो मेसेज फिरत नाही. भावाच्या पडद्यावर जात-धर्माचा रकाना नसतो. हनुमान जयंतीच्या मिरवणुकीतला पोरगा आणि ईदच्या नमाजेतला पोरगा रात्री एकाच सामन्यावर, एकाच आयडीवरून, एकाच गुणाकारात हरतो. या एका बाबतीत दोन्ही बाजूंची पोरं एकत्र आली आहेत, आणि ती एकी बुकीच्या कामाची आहे.

मग करायचं काय? माझ्या तीन मागण्या आहेत आणि तिन्हींना फारसा पैसा लागत नाही.

पहिली, हिशोब. संत गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. कीर्तनात ते लोकांना साधे प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढत, आणि कर्ज काढू नका हे जन्मभर सांगत राहिले. त्याच रीतीनं प्रत्येक कॉलेजात, मदरशात, तालमीत आणि क्रिकेटच्या मैदानावर एकदा तरी फळ्यावर ८० टक्के पाच वेळा गुणून दाखवा. प्रश्न विचारा, उत्तर पोरांना काढू द्या. दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरी मागणी मोहल्ल्यातल्या जमातीकडे आणि बैतुलमाल चालवणाऱ्यांकडे. जकातीच्या आठ हक्कदारांत गारिमीन, म्हणजे कर्जात बुडालेले, येतात. तौबा करून परत आलेल्या कर्जदाराला त्यातून मदत देता येते, असं अनेक फकीहांनी मानलं आहे. रोख रक्कम पोराच्या हातात देऊ नका, थेट कर्ज देणाऱ्याला द्या. पण त्याला यायला एक दार ठेवा, जिथे नाव न फुटता बोलता येईल. दार नसेल तर तो रेल्वे रुळाकडे किंवा कीटकनाशकाच्या बाटलीकडे वळू शकतो. कर्जाखाली दबलेला माणूस तिकडे कसा जातो, हे वऱ्हाडाला कोणी शिकवायची गरज नाही.

तिसरी मागणी पोलीस आणि पुढारी यांच्याकडे. छापा घालाच, पण आयडी वाटणाऱ्याच्या वरच्या माणसापर्यंत जा. दरवर्षी आयपीएलमध्ये पाच मोबाईल, एक टीव्ही आणि रोख रक्कम जप्त झाल्याचा फोटो आम्ही पाहतो. वरच्या माणसाचा फोटो आम्हाला फारसा दिसत नाही. आणि जो पुढारी निवडणुकीत पोरांच्या क्रिकेट स्पर्धांना लाखाची बक्षिसं देतो, त्यानं त्या पैशाचा उगम एकदा जाहीर करावा.

ज्या पोरांसाठी हे लिहिलं ती कदाचित इथपर्यंत वाचणार नाहीत. म्हणून जे वाचताहेत त्यांना सांगतो. आज संध्याकाळी घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या पोराला कॅलक्युलेटर द्या. ०.८ पाच वेळा गुणायला सांगा. उत्तर आलं की काही उपदेश करू नका. फक्त विचारा, "आता तू बुकी असतास, तर कोणता माल विकला असतास?"